शून्याची विहीर

घोणसमाळ विद्यापीठात आलेला पाहुणा आधी ग्रंथालयाचा घुमट बघायला धावतो, आणि अंबादासतात्या त्याला हाताला धरून उलट्या दिशेला नेतात. तात्या इथले जुने माळी. निवृत्त होऊनही त्यांना माळ सुटलेला नाही. पश्चिमेच्या उतारावर काळ्या दगडात बांधलेली एक प्रशस्त विहीर आहे, तिला शून्याची विहीर म्हणतात. एवढ्या विद्वानांच्या वस्तीत असलं नाव कसं पडलं, हे पाहुण्याने विचारायच्या आतच तात्या कठड्याला टेकतात आणि सुरू करतात.

हंबर्डे सर इथे चोवीस वर्षं कुलगुरू होते म्हणे. कायद्याने एवढी वर्षं कुणाला मिळत नाहीत, पण आख्यायिकेपुढे कायद्याचं काय चालतं! ते पहिल्यांदा आले तेव्हा चार पत्र्याच्या खोल्या, घोणशी आणि वारा, एवढंच विद्यापीठ होतं. ज्यांच्या घरात कुणी शाळेची पायरी चढलं नव्हतं अशी आसपासच्या खेड्यांतली पोरंपोरी इथे पायी शिकायला येत. पाणी मात्र सहा कोसांवरून बैलगाडीने यायचं. तिसऱ्या वर्षी सरकारचं पत्र आलं. वैशाख संपायच्या आत विद्यापीठाने स्वतःचं पाणी दाखवावं, नाहीतर गाशा गुंडाळून जिल्ह्याच्या शहरात यावं. विद्यापीठ शहरात गेलं की या पोरांचं शिक्षण संपलंच, हे सरांना पक्कं ठाऊक होतं. माळाला पाणी लागेपर्यंत खुर्चीत बसणार नाही, अशी शपथ त्यांनी भर सभेत घेतली. तेव्हापासून ते उभ्यानेच सह्या करत आणि उभ्यानेच जेवत, असं सांगतात.

सर स्वतः भूगर्भशास्त्राचे. या माळावर त्यांनी भलाथोरला ग्रंथ लिहिला होता. त्याबरहुकूम पूर्वेकडे तीन विहिरी खणायला घेतल्या. पहिलीत खडक, दुसरीत खडक, तिसरीत खडकाखाली खडक. सरांचे पाय सुजून खांबासारखे झाले, पण माणूस हट्टाला पेटला होता. चुकत असेल तर माळ चुकत असेल, ग्रंथ कसा चुकेल!

तिसरी विहीर खणत होता यल्लप्पा धोत्रे, पिढीजात विहिरी पाडणारा वडार. त्याची मुलगी शेवंता याच विद्यापीठात शिकत होती आणि नुकतीच सरांच्याच विषयात नापास झाली होती. वैशाखाचे अकरा दिवस उरले असताना यल्लप्पाने पहार खाली ठेवली आणि तो वर आला.

"सायेब, हितं पानी न्हाई."

"मग कुठे आहे?" सरांनी चिडून विचारलं.

"ते माज्या पोरीनं तुमच्या पेपरात लिवलं व्हतं की. तुमी भोपळा दिला तिला."

भोवतीचे प्राध्यापक हसले. सर हसले नाहीत. ते तसेच परीक्षा विभागात गेले आणि शेवंताची उत्तरपत्रिका काढून उभ्या उभ्या वाचू लागले. घोणसमाळावर पाणी कुठे सापडेल, असा प्रश्न होता. पोरीने लिहिलं होतं की पश्चिमेच्या उतारावरचा उंबर भर उन्हाळ्यातही हिरवा असतो. त्याच्या खालच्या अंगाला काळ्या दगडाची उभी भिंत जमिनीत गेली आहे. वरून मुरलेलं पाणी तिथे अडतं. उंबराशेजारी तीस हात खणावं. खाली सरांचाच तांबडा शेरा होता: 'हे शास्त्र नव्हे, ऐकीव गोष्ट. शून्य.' पश्चिम उतार कोरडा असल्याचं त्यांनी ग्रंथात छापलेलं होतं, म्हणून उंबराकडे ते कधी फिरकलेच नव्हते.

विहीर गुपचूप पश्चिमेला हलवता आली असती. कुणी विचारलं असतं तर नवं संशोधन म्हणून खपलंही असतं. शेवंता मात्र जन्मभर नापास राहिली असती. सरांनी घंटा वाजवायला लावली. सगळं विद्यापीठ जमलं. बापाच्या मागे शेवंता मान खाली घालून उभी होती. सरांनी तिचं उत्तर पहिल्या अक्षरापासून मोठ्याने वाचलं आणि आपला शेराही तितक्याच मोठ्याने वाचला. मग म्हणाले, "ही पोर बरोबर होती. चुकलो मी. यल्लप्पा, ती दाखवेल तिथे पहार मार."

शेवंताने उंबराजवळ जागा दाखवली. यल्लप्पा, त्याचे भाऊबंद, विद्यार्थी, हसलेले प्राध्यापकसुद्धा, सगळे मातीत उतरले. आठ दिवस खणलं. एकोणतीस हातांवर दगड ओला लागला. तिसाव्या हाताला यल्लप्पाची पहार भसकन आत गेली आणि पाणी असं उसळलं की त्याला दोरावरून वर यायचीही फुरसत मिळेना. तो गटांगळ्या खात ओरडत होता, "माजी पोर पास झाली!" अख्खा माळ नाचला. पोरांनी कुलगुरूंची खुर्ची डोक्यावर नाचवत विहिरीवर आणली. सरांनी ती पुसली आणि तिच्यावर आधी शेवंताला बसवलं. मगच ते जमिनीवर टेकले, तीन महिन्यांत पहिल्यांदा.

विद्यापीठ हललं नाही. पुढे इथे वसतिगृहं झाली, घुमट झाला, देशोदेशीचे लोक शिकायला आले. शेवंता धोत्रे याच विभागाच्या प्रमुख झाल्या आणि सरांच्या ग्रंथाची सुधारलेली आवृत्ती त्यांनीच काढली. पण सरांचं खरं काम कोणतं, असं विचारलं की तात्या इमारतींकडे बघतही नाहीत, त्यांनी घालून दिलेला दंडक सांगतात.

आजही इथे शून्य कागदावर देऊन भागत नाही. ज्याने दिलं त्याने निकालाआधी ती उत्तरपत्रिका या कठड्यापाशी मोठ्याने वाचायची. विद्यार्थी बसून ऐकतो, कुलगुरू उभे राहून ऐकतात. बहुतेक शून्यं शून्यच राहतात. इतक्या वर्षांत पाच-सहाच बदलली असतील. तात्यांचीही एक उत्तरपत्रिका इथे वाचली गेली होती, हंबर्डे सरांच्या शेवटच्या वर्षी. तात्यांना शिक्षण काही झेपलं नाही आणि ते बागेत रमले. "माझं शून्य पक्कं निघालं," तात्या छाती पुढे काढून सांगतात, "पण सत्तरीचा कुलगुरू माझ्यासाठी भर उन्हात तासभर उभा होता."