पूर्वेचा झरा

झाडंसुद्धा आल्यागेल्याची विचारपूस करीत, त्या काळची ही गोष्ट. उंबराच्या ढोलीत एक खारआजी राहायची. रानात कुठं काय आहे ते पानांवर टिपून, व्रत घ्यावं तशी ती पानं जपायची. विचारायला येणारा घटकाभर टेकून सुखदुःखाचंही बोलायचा.

पुढं नदीकाठच्या शिळेवर जो तो गेरूनं लिहू लागला. कुणीही लिहावं, कुणीही पुसावं. ढोलीकडची वाट गवतानं बुजली.

एका वैशाखात हरिणी पाडसाला घेऊन आली. "आजी, शिळेवर लिहिलंय, पूर्वेचा झरा आटला, पश्चिमेच्या डोहावर जा. पोर एकाच वाटेपुरतं चालेल. कुठं नेऊ?"

आजीनं पान काढलं. "पूर्वेचा झरा आटत नाही, बाई. माझ्या सासूबाईंनी पाहून लिहिलंय."

"कधी पाहिला होता त्यांनी?"

हा प्रश्न आजवर आजीच इतरांना विचारत आली होती. ती उठून हरिणीबरोबर शिळेपाशी गेली.

"हे कुणी लिहिलं?"

"सगळेच म्हणतात," माकडं म्हणाली.

"सगळे जाऊन आलात का रे?"

तेव्हा टिटवी पुढं झाली. "मी लिहिलं, आजी. सकाळीच दोन्हीकडं जाऊन आले." तिच्या पायांना लागलेला डोहाचा चिखल अजून ओला होता.

पाडस डोहावर पोटभर पाणी प्यालं. आजीनं टिटवीला शिळेवरच्या अक्षरांखाली पाऊल उमटवायला लावलं. सासूबाईंचं पान मात्र तिनं पुसलं नाही. त्याखाली लिहिलं, "या वैशाखात झरा आटला. टिटवी पाहून आली." आणि खाली, पुढं कुणी पाहून येईल त्याच्यासाठी, जागा मोकळी ठेवली.