ज्याला कुणी नाही म्हणेना

एकदा एका तळ्याकाठच्या राज्यात एक वृद्ध सभासद अंथरुणाला खिळला होता, आणि त्याला कुणीही कशालाच नाही म्हणत नव्हते. गोष्ट एवढीच आहे. पण तुम्ही लोक मोठे घाईचे, सार तेवढे उचलून चालू लागाल, म्हणून मी सावकाश सांगणार आहे.

त्या राज्याला राजा नव्हता. तळ्याच्या दोन्ही काठांवरची माणसे मिळून सभा भरवीत आणि ती सभाच राज्य चालवी. अलीकडच्या काठाचे सभासद उजवीकडे बसत, पलीकडच्या काठाचे डावीकडे. ठराव मांडला की सभापती तीनदा विचारी, ‘कुणाचा विरोध?’ तिन्ही वेळा कुणी बोलले नाही, तर ठराव एकमताने मंजूर. मोठी सोयीची पद्धत होती. तिच्यात अडचण एकच, आणि त्या अडचणीचे नाव धरणीधरपंत.

धरणीधरपंत चाळीस वर्षे सभेत होते आणि चाळीस वर्षे ते दोन्ही बाजूंच्या मधोमध, घरून आणलेला पाट टाकून बसत. अलीकडच्यांनी काही खुळे मांडले की ते उभे राहत, पलीकडच्यांनी मांडले तरी उभे राहत. त्यांचा सख्खा मेहुणा सभापती झाला, तेव्हा तर रोजच उभे राहू लागले. बायकोने चार दिवस अबोला धरला, पण पंतांचे उठणे काही थांबले नाही. पलीकडच्या काठाचा पुढारी सिदोजी हा त्यांचा जुना प्रतिपक्षी. त्याने तर एकदा भर सभेत पागोटे जमिनीवर आपटले होते. पंतांनी ते उचलून, झटकून त्याच्या हातात दिले आणि पुन्हा विरोधाचे कारण पहिल्यापासून सांगायला घेतले.

मग पंतांच्या पोटात गाठ निघाली. वैद्याने नाडी पाहिली, सुनेला बाजूला घेतले आणि ‘आता त्यांना हवं ते द्या’ एवढेच सांगितले. हे वाक्य घरच्यांना कळते, आणि आजाऱ्याला तर न ऐकताही कळते.

सुनेने त्यांची खाट ओसरीवर आणली. तिथून तळे दिसे. ज्वराच्या गुंगीत पंतांना दिवस आणि पाणी वेगळे ओळखू येईनासे झाले. सकाळी धुके ओसरीपर्यंत येई आणि खाट हलकेच तरंगू लागल्यासारखी वाटे. माणसे येत, उशाशी बसत, जात. त्यातले कोण आज आले आणि कोण वीस वर्षांपूर्वी, हेही त्यांना नक्की सांगता येत नसे. पण एक गोष्ट त्यांना खुपू लागली. येणारा प्रत्येक जण मान डोलावत होता. पंत म्हणाले, यंदा थंडी लवकर पडली. सगळे म्हणाले, हो, लवकरच. दुसऱ्या दिवशी मुद्दाम म्हणाले, यंदा थंडी फारच लांबली. तेच सगळे म्हणाले, हो ना, लांबलीच. पंतांनी डोळे मिटून घेतले. जिथे पाय टेकावा तिथे मऊ गाळ, असे काहीसे त्यांना झाले होते.

ह्याच गुंगीत त्यांना रोज एक स्वप्न पडे. तळे काठोकाठ भरले आहे, पाटाचे पाणी वरच्या माळापर्यंत चढले आहे आणि जन्मभर करपलेला तो माळ हिरवागार झाला आहे. तळे भरले की जादा पाणी ज्या वाटेने निघून जाते तो सांडवा फक्त हातभर उंच केला, तर हे सारे खरे होणार होते. पंतांनी तिशीत असताना हे मोजून ठेवले होते. आयुष्यभर दुसऱ्यांचे ठराव पाडण्यात हा एक ठराव मांडायचा राहून गेला. त्यांनी सभेला तसे कळवले. सभेने दुसऱ्याच दिवशी निरोप धाडला की ठराव पौर्णिमेला येईल, आणि सांडव्याला पंतांचेच नाव देऊ.

इकडे तळ्याच्या टोकाला एका टेकडीवर एक वृद्ध साधू राहत. लोक त्यांना बाबा म्हणत. त्यांच्याजवळ एक शिष्य होता, शांत, आज्ञाधारक. एका सकाळी पलीकडच्या काठावरची एक बुरूडीण बाबांकडे टोपली घेऊन आली आणि बसून राहिली.

‘काय गं, जनाई,’ बाबांनी विचारले, ‘आज उठायचा विचार नाही वाटतं?’

‘उठायचंच आहे, बाबा. सगळ्या आळीलाच उठायचंय. सांडवा उंच झाला की पाणी आमच्या चुलीत येतं. पाच पावसाळ्यांपूर्वी वरची विहीर आटली, तेव्हापासून आम्ही खाली वेळूच्या बेटाशी राहतो.’

‘मग सभेत सांगा.’

‘कुणाला? सिदोजींना सांगितलं. ते म्हणाले, ठाऊक आहे, सगळ्यांनाच ठाऊक आहे, पण म्हाताऱ्याची शेवटची इच्छा आहे, मी कसा आडवा जाऊ?’ तिने पदराने तोंड पुसले. ‘आणि खरं सांगू? आमच्यानंही बोलवत नाही. वेळू तोडायची बंदी त्या माणसानं एकट्यानं उठवली होती. मरणाऱ्याच्या तोंडातला घास कसा काढायचा?’

बाबा जागेवरून उठले. मग शिष्याला म्हणाले, ‘होडी काढ.’

तळ्यावर धुके होते. होडी कुठे चालली आहे हे वल्ह्याच्या आवाजावरूनच काय ते कळत होते. शिष्याला वाटले, बाबा पंतांना शेवटचा उपदेश करायला निघाले असतील, देहाच्या नश्वरतेविषयी वगैरे. त्याने मनातल्या मनात दोन श्लोकही आठवून ठेवले.

पंतांनी बाबांना ओळखले. ‘या, बोवा,’ ते क्षीण आवाजात म्हणाले, आणि स्वप्न सांगू लागले. पाणी, माळ, माळावरचे हिरवे वारे. बोलता बोलता त्यांचा चेहरा लहान मुलासारखा उजळला. सून पेजेची वाटी घेऊन उभी होती, तिचे डोळे भरून आले. शिष्याचेही आले.

बाबा म्हणाले, ‘पंत, तुमचा ठराव चूक आहे.’

सुनेने वाटी खाली ठेवली.

‘काय म्हणालात?’ पंतांनी विचारले.

‘चूक म्हणालो. सांडवा वाढवलात तर बुरुडांची तीस घरं पाण्यात जातील.’

‘मी मोजलंय ते. पायांनी फिरून मोजलंय.’

‘केव्हा? तिशीत. तेव्हा तिथं बगळे राहत होते. आता माणसं राहतात. तुम्ही शेवटचे तिकडे कधी गेला होता?’

पंत कोपरावर उठले. दोन महिन्यांत ते असे उठले नव्हते. ‘बोवा, तुम्हाला राज्यकारभारातलं काय कळतं? झोळी घेऊन हिंडणारी माणसं तुम्ही.’

‘दारोदार हिंडतो, म्हणून कुणाचं दार कुठं आहे ते आम्हाला ठाऊक असतं. तुम्ही आपले पडल्या पडल्या माळ हिरवा करताय.’

‘माझ्या स्वप्नात मी सगळं तळं बघितलंय.’

‘पैलतीर बघितलात?’

पंत थबकले. खरे बोलायची त्यांची खोड आजारातही गेली नव्हती. ‘पैलतीर,’ ते हळूच म्हणाले, ‘धुक्यात असतो.’

‘त्या धुक्यात घरं आहेत, पंत.’

मग जे भांडण जुंपले, ते काय विचारता. पंतांनी बाबांना ढोंगी म्हटले, बाबांनी पंतांना हेकट म्हटले. मापे निघाली, जुने पूर निघाले, कुणा आजोबांनी बांधलेला बंधारा निघाला. पंतांना धाप लागली, तरी बोट नाचवणे चालूच. शेवटी सूनबाई मध्ये पडली. ‘लाज नाही वाटत तुम्हाला, आजारी माणसाला छळता?’ असे म्हणून तिने दोघांना अंगणाबाहेर काढले. जाता जाता शिष्याने मागे पाहिले. पंत पेजेची वाटी तोंडाला लावून गटागटा पीत होते आणि पिता पिता काहीतरी पुटपुटत होते.

होडीत बसल्यावर बाबांनी वल्हे शिष्याकडे दिले. शिष्याने अर्ध्या तळ्यापर्यंत होडी वल्हवली. मग त्याच्याने राहवेना.

‘बाबा, रागावू नका. पण त्या माणसाचे किती दिवस राहिलेत? हिरवा माळ बघत सुखानं गेला असता. तुम्ही त्याचं स्वप्न मोडलंत. बुरुडांचं काय, ते नंतर बघता आलं असतं.’

‘आलं असतं,’ बाबा म्हणाले. ‘पंत गेल्यावर सभेनं निवांतपणे वाढवलेला सांडवा पाडला असता. सगळ्यांनी मनात तेच योजलंय. म्हणजे त्यांच्यापुरते पंत आताच गेलेले आहेत.’ ते पाण्याकडे बघत राहिले. ‘अरे, आपण मूर्तीशी वाद घालत नाही, प्रेताशी घालत नाही. नाही म्हणायला समोर जिवंत माणूस लागतो. दोन महिने त्या घरात सगळे जण दयेपोटी हो म्हणताहेत, आणि तो एकटा पडत चाललाय. चाळीस वर्षं त्यानं लोकांना नाही म्हणून त्यांचा मान राखला. तेवढा मान त्याला आपण शेवटी द्यायला नको?’

‘पण त्यांना धाप लागली, बाबा.’

‘लागली. मलाही फार वाईट वाटलं. वल्हवायला मन लागेना, म्हणून तर वल्हं तुला दिलं.’ थोड्या वेळाने ते म्हणाले, ‘माझं चुकलंही असेल. पौर्णिमेला कळेल.’

पौर्णिमेला दुपारी सभा भरली. बाबा आणि शिष्य मागे खांबाशी उभे होते. पंतांची डोली यायला बराच उशीर झाला, आणि आली तीही नेहमीच्या वाटेने नव्हे. भोयांच्या पायांना गुडघ्यापर्यंत चिखल लागला होता. पंतांना उचलून मधोमध लोडाला टेकवून बसवले. चेहरा पांढराफटक होता. सभापतीने हळव्या आवाजात ठराव वाचला. दोन्ही बाजूंना कुणी डोळे टिपले, कुणी माना खाली घातल्या.

‘कुणाचा विरोध?’

तळ्यावरचा वारा तेवढा ऐकू येत होता.

‘कुणाचा विरोध?’

सिदोजी स्वतःच्या पायांच्या अंगठ्यांकडे बघत होता. शिष्याला वाटले, आता पंतांनाही हा वारा गोड लागत असेल, डोळे मिटून हिरव्या माळावर निघून गेले असतील. आणि खरेच, पंतांचे डोळे मिटलेले होते.

‘कुणाचा विरोध?’

‘माझा आहे,’ पंत म्हणाले.

सभापतीला वाटले, गुंगीत बोलताहेत. तो खाली वाकून म्हणाला, ‘पंत, हा आपलाच ठराव आहे.’

‘माहीत आहे कुणाचा आहे तो. म्हणून काय शहाणा ठरतो?’ पंत दम घेत बोलत होते. ‘सकाळी पैलतीरावर जाऊन आलो. एकोणतीस घरं आहेत. बोवांनी तीस सांगितली, तीही चूकच. एका घराच्या उंबऱ्यावर बसलो होतो. माझं पाणी तिथं कमरेएवढं आलं असतं.’ मग त्यांनी मान वळवली. ‘सिदोजी, हे तुम्हाला ठाऊक होतं?’

सिदोजी उठला. एवढा दांडगा माणूस, पण हळूच म्हणाला, ‘होतं.’

‘मग बोलला का नाहीत?’

‘आपण आजारी होता, पंत.’

‘आजारी होतो,’ पंत म्हणाले. ‘मेलो नव्हतो.’

सिदोजीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागले आणि त्याने ते पुसलेही नाही. तसाच उभा राहून, रडता रडता तो म्हणाला, ‘मग ऐका. ठराव पहिल्यापासून खुळचटच होता. पाणी हवं तर तळ्यातला गाळ काढा. सांडव्याला हात लावायचं काम नाही.’

‘आणि गाळ टाकणार कुठं? तुमच्या अंगणात?’

‘माळावर टाकू. माळ आपसूक पिकेल.’

‘वाहून नेणार कोण?’ अलीकडच्या बाजूने कुणी विचारले, आणि पाहता पाहता दोन्ही काठ बोलू लागले. दोन महिने साठून राहिलेले सगळे बांध फोडून बाहेर आले. पंत लोडावर मागे रेलले. दुपारच्या उन्हात तळे झगमगत होते आणि त्याचे कवडसे सभेच्या छतावर हलत होते. तो सारा कोलाहल त्यांच्यावरून पाण्यासारखा वाहत चालला. त्यांचा श्वास संथ झाला. डोलीबरोबर आलेल्या सुनेने घाबरून शिष्याकडे पाहिले. शिष्य पुढे झाला, गुडघ्यांवर बसला आणि त्यांच्या ओठांशी कान नेला.

कुणीतरी म्हणत होते की गाळ एका उन्हाळ्यात निघेल.

‘चूक,’ पंत डोळे न उघडता पुटपुटले. ‘दोन लागतील.’

शिष्याने वर पाहिले. खांबाशी बाबा उभे होते. ‘काय म्हणतायत?’ त्यांनी खुणेनेच विचारले. शिष्याला हसू आले आणि रडूही आले, म्हणून त्याला सांगता येईना. तो तिथेच पंतांचा हात धरून बसून राहिला. पंत पुढे सतरा दिवस जगले, आणि म्हणतात की सिदोजी त्यांतले सतराही दिवस भांडायला येत होता.

तुमच्या घरी, शेजारी कुणी बरेच दिवस अंथरुणावर असेल, तर आज जाऊन बसा. आणि त्याचे एखादे म्हणणे पटले नाही, तर हळू आवाजात का होईना, तसे सांगा.