हंसराव डाक्टरांना म्हैस काय म्हणाली

विषय: मौजे कुसळवाडी येथील गुरांच्या दवाखान्यास कै. हंसराव डाक्टर यांचे नाव देणेबाबत.
संदर्भ: ग्रामसभेचा ठराव, आणि गाव पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेली पुढील हकीकत.

फार वर्षांपूर्वी, तालुक्याला जायला दोन दिवस लागत तेव्हा, समुद्रापलीकडचा एक गोरा गुरांचा डाक्टर कुसळवाडीत येऊन राहिला. नाव हान्स की काहीसं होतं. गावानं त्याचा हंसराव केला आणि लगेच त्याच्यावर संशय घ्यायला सुरुवात केली. आपलं घरदार सोडून माणूस परमुलखात दुसऱ्याच्या बैलाचं शेपूट धरायला येतो, म्हणजे काहीतरी काळंबेरं असणारच.

त्यात त्याची तपासायची तऱ्हा. जनावराच्या कुशीला कान लावून तो डोळे मिटून ऐकत राही. एकदा कोंडू गुरवाचा बैल असाच ऐकून तो म्हणाला, "याला डाव्या बरगडीत पहारीनं मारलंय." कोंडूनं मारलं होतंच, आणि बघायला कोणी नव्हतं. तेव्हा गावाची खात्री पटली की गुरं याला घरातलं सांगतात. असं म्हणतात, की त्या दिवसापासून दुधात पाणी घालणारेही गोठ्याकडे पाठ करून घालू लागले.

सगळ्यांत धास्ती घेतली गोजराबाई ढेकळेनं. तिच्या लेकीनं, पारूनं, आपल्या मनानं लग्न केलं होतं, आणि बापानं, बापू ढेकळ्यानं, तिला दार बंद केलं होतं. बापू मळ्यात गेला की पारू मागच्या वाटेनं गोठ्यात येई. मायलेकी म्हशीआड बसून पोटातलं बोलत. म्हैस रवंथ करत सगळं ऐकून घेई.

आणि तीच म्हैस अडली. रेडकू आडवं आलं होतं.

"डाक्टरला बोलवू का?" बापूनं विचारलं.

"नको. परका माणूस तो," गोजराबाई म्हणाली. "सुटेल आपोआप."

दुपार कलली तशी म्हशीनं मान टाकली. गोजराबाईनं तिच्या डोळ्यांत पाहिलं, पदर खोचला आणि स्वतःच डाक्टरकडे धावली.

हंसरावानं म्हशीला कान लावला. अर्ध्या गावानं कुडाला लावला.

"काय म्हणती?" बापूनं विचारलं.

"म्हणती, गरम पाणी आणा आणि गप बसा."

मग त्यानं खांद्यापर्यंत हात घालून रेडकू फिरवलं. असं म्हणतात, की तोवर दिवस मावळायचा थांबला होता. पंचांगात तशी नोंद नाही. पण रेडकू जिवंत बाहेर आलं, आणि म्हैस उठून त्याला चाटू लागली.

बापूचे डोळे भरले, तरी संशय होता तिथंच होता. "आणखी काय म्हणाली?"

गोजराबाईनं डाक्टरच्या हातांवर तांब्या रिता केला. हंसराव हात धूत म्हणाला, "विचारती, पारू पुढच्या दारानं कधी यायची?"

पारूचं नाव त्याला कुणी सांगितलं, याचा गावानं पुढं पुष्कळ तपास केला. निष्पन्न काही झालं नाही. बापूनं रेडकाच्या अंगावर गोणपाट टाकलं. मग बायकोकडे नाही, डाक्टरकडे नाही, म्हशीकडे बघून म्हणाला, "परवा येऊ दे. खरवस खायला."

हंसराव कुसळवाडीतच म्हातारा झाला आणि तिथंच गेला. असं म्हणतात, की त्याच्या तिरडीमागं गुरं आपसूक चालत गेली, आणि ती काय बोलतात ते ऐकायला गाव त्यांच्यामागं गेला.

अजूनही पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे मळून झाले, की कुसळवाडीत घरधनी हंसरावाचं नाव घेऊन बैलाच्या कुशीला कान लावतो. काय ऐकलं ते कोणी सांगत नाही. पण दुसऱ्या दिवशी पुरणपोळीला कित्येक घरांत अशी माणसं दिसतात, जी वर्षभर त्या दारात दिसली नव्हती.

नावाच्या अर्जावर वरून शेरा आला: संबंधितांचे पूर्ण नाव, मूळ देश, आणि गुरे बोलत असल्याचा पुरावा जोडावा. पैकी पहिल्या दोन बाबींची माहिती गावाकडे नाही.

अर्ज प्रलंबित आहे.