वाळूत शिरलेल्या मासोळ्या

खाडीकाठच्या एका गावात सदाशिव तोडणकर नावाचा एक औषधांचा दुकानदार राहत होता. माणूस भला होता, पण भित्रा. कोणत्याही गोष्टीतले वाईट त्याला आधी दिसे. एस.टी. सुटण्याच्या तासभर आधी तो स्टँडवर जाऊन बसे. आभाळात ढगाचा ठिपका दिसला की छत्री शोधी. दुकानात मात्र ही भीती कामाला येई. डॉक्टरची प्रत्येक चिठ्ठी तो तीनदा वाची. बावीस वर्षांत त्याच्या हातून कोणाला चुकीची गोळी गेली नव्हती.

त्याच्या घरात खाऱ्या पाण्याची एक काचेची टाकी होती. टाकीत दगडांवर रंगीत प्रवाळ वाढवले होते आणि तळाशी बारीक पांढरी वाळू पसरली होती. टाकीत एकच मासा होता. बोटाएवढा, निळाभोर. तीन वर्षे तो तिथे एकटाच राज्य करत होता.

टाकी कशी सांभाळायची हे सदाशिवाला हसनचाचाने शिकवले होते. हसनचाचा म्हणजे गावातला जुना खलाशी. तरुणपण जहाजांवर गेले आणि उतारवयात त्याने घरी मासे पाळले. पुढे त्याचे डोळे अधू होत गेले. शेवटी समोर धरलेला हातही दिसेना, तेव्हा त्याने टाकी मोडली. बाकीचे मासे त्याने शहरातल्या ओळखीच्या माणसाला दिले. दोन मासोळ्या तेवढ्या मागे ठेवल्या. त्या रॅस जातीच्या, भ्याल्या की वाळूत लपणाऱ्या होत्या. एक पिवळीजर्द, तिला तो हळद म्हणे. दुसरी हिरवी, अंगावर गुलाबी रेघा असलेली, ती मेंदी. सहा वर्षे त्याने त्यांना सांभाळले होते.

"या मी दुकानात देणार नाही," तो सदाशिवाला म्हणाला. "तू ने."

सदाशिवाला आधी वाईटच दिसले. तो म्हणाला, "चाचा, माझ्याकडे त्यांना काही झालं तर?"

"सांगतो तेवढं कर, म्हणजे होणार नाही. पिशवीतलं पाणी आणि तुझं पाणी हळूहळू जुळव. टाकीवरची जाळी काढू नकोस, या मासोळ्या उडी मारतात. तुझ्या त्या निळ्याला आधी पकडून टाकीतच भोकांच्या डब्यात घाल. तो यांना छळेल. आणि सोडल्याबरोबर या वाळूत शिरतील. चार दिवस दिसणार नाहीत, कदाचित आठ, कदाचित जास्तही. शोधू नकोस."

"आणि आत मेल्या तर?"

"मेल्या म्हणून कोणी उकरायला लागला, तर मरतीलच."

सदाशिवाने मासोळ्या घरी आणल्या. दुकानातली सलाइनची नळी घेऊन त्याने टाकीतले पाणी थेंब थेंब पिशवीच्या पाण्यात सोडले. दोन तास तो त्या थेंबांकडे बघत बसला होता. मग त्याला निळा आठवला. त्याने जाळे घातले. निळा दगडांमागे पळाला. आणखी जोर केला तर त्याला लागेल, प्रवाळ मोडेल, अशी भीती सदाशिवाला वाटली. एवढासा मासा, तो काय करणार, असे म्हणून त्याने जाळे काढून घेतले. दिवे मंद केले आणि मासोळ्या पाण्यात सोडल्या.

निळा बाणासारखा आला. त्याने हळदीच्या शेपटीला चावा घेतला आणि तो मेंदीवर वळला. मेंदी खाली वळली, तिने वाळूत तोंड खुपसले आणि ती दिसेनाशी झाली. तिच्या मागोमाग हळदही गेली. वाळू जशीच्या तशी पसरली. तिथे काही गेले आहे असे कोणाला वाटलेही नसते.

पहिल्या दिवशी सदाशिव म्हणाला, "ठीक आहे, चाचा म्हणालेच होते." दुसऱ्या दिवशी त्याने कोळंबीचे बारीक तुकडे टाकले. ते सगळे निळ्याने खाल्ले. तिसऱ्या दिवशी तो काचेला नाक लावून गुडघ्यांवर बसला. वाळूचा एक कणही हलत नव्हता. चौथ्या दिवशी त्याला जेवण गेले नाही. दोघी वाळूखाली मरून पडल्या असतील, असे त्याच्या मनाने घेतले. त्या कुजतील. पाणी नासेल. प्रवाळ एकेक करून पांढरे पडतील. दुकानात गिऱ्हाईक समोर उभे असे आणि सदाशिवाला ती पांढरी वाळू दिसे.

पाचव्या दिवशी दुपारी तो दुकान बंद करून घरी आला आणि त्याने टाकीवरची जाळी काढली. हातात लांब दांड्याचा चमचा घेतला.

त्याची बायको कुंदा दारात उभी होती. ती म्हणाली, "चाचांनी नको म्हटलंय ना?"

"एकदाच बघतो. जिवंत आहेत एवढं कळलं की पुरे."

"त्यांच्यासाठी बघताय, की स्वतःसाठी?"

त्याने चमचा वाळूत खुपसला आणि कोपऱ्यापासून उकरायला सुरुवात केली. पाणी गढूळ झाले. चमच्याला काहीतरी मऊ लागले आणि निसटले. त्याने दचकून हात मागे घेतला. त्याच क्षणी दुसरीकडून वाळू उसळली आणि हळद बाहेर आली.

ती जिवंत होती. सदाशिवाला ती नीट दिसली. डोळे स्वच्छ होते, रंग टवटवीत होता. पण पुढून निळा आला आणि मागे सदाशिवाचा हात होता. हळद काचेवर आपटली, वळली, पुन्हा आपटली आणि वर झेपावली. वर जाळी नव्हती.

ती टाकीच्या मागे भिंतीच्या फटीत पडली. भरलेली टाकी हलण्यासारखी नव्हती. सदाशिव जमिनीवर पालथा पडून हात आत घालू लागला. बोटे पोचत नव्हती. फटीतून तिची फडफड ऐकू येत होती. कुंदाने केरसुणीच्या दांड्याने तिला पुढे ढकलले, तोवर फडफड थांबली होती. सदाशिवाने तिला ओंजळीत घेऊन पाण्यात धरले. पुष्कळ वेळ धरले. ती पुन्हा हलली नाही.

हळदीला त्यांनी परसात पुरले. कुंदाने टाकीवर जाळी परत बसवली.

दर मंगळवारी चाचाचा फोन येई. त्या मंगळवारीही आला.

"कशा आहेत माझ्या पोरी?"

"बऱ्या आहेत, चाचा."

"दोघी?"

"दोघी," तो म्हणाला.

मग चाचा म्हणाला, "बरं. शुक्रवारी नमाजानंतर येतो. दिसणार तर काही नाही, पण टाकीजवळ जरा बसेन."

फोन ठेवून सदाशिव टाकीसमोर बसला. चाचा आंधळा होता. हळद दगडापाशी आहे म्हटले की तो मान डोलावणार होता. पुढच्या शुक्रवारी ती खाते आहे म्हटले तरी डोलावणार होता. हे खोटे कधीच उघडे पडणार नव्हते. मेलेली मासोळी तो चाचापुढे वर्षानुवर्षे जिवंत ठेवू शकला असता. सदाशिव आजवर पुष्कळ गोष्टींना भ्याला होता, पण स्वतःला प्रथमच भ्याला.

शुक्रवारी चाचा रिक्षाने आला. कुंदाने त्याला हाताला धरून खुर्चीत बसवले आणि चहा दिला. चाचाने तळवा टाकीच्या काचेवर ठेवला. पाण्याच्या पंपाची थरथर त्याच्या हाताला लागत होती.

"हळद कुठे आहे?" त्याने विचारले.

सदाशिवाने तोंड उघडले. शब्द तयार होते. मोठ्या दगडाच्या उजव्या बाजूला, एवढेच म्हणायचे होते. त्याने कुंदाकडे पाहिले. ती खाली बघत होती.

"चाचा, हळद मेली," तो म्हणाला. "मी वाळू उकरली. जाळी काढली होती. तिने उडी मारली. मंगळवारी मी तुमच्याशी खोटं बोललो."

चाचाने हात काचेवरून काढून मांडीवर ठेवला. त्याच्या मिटल्यासारख्या डोळ्यांतून पाणी आले, ते त्याने पुसले नाही.

"मंगळवारीच मला कळलं होतं," तो म्हणाला. "तू दोघी म्हणालास, तेव्हा तुझा आवाज वाळूत शिरला."

"मग तेव्हाच विचारलं का नाहीत?"

"विचारलं असतं, तर तू आणखी खोल गेला असतास."

सदाशिव खाली जमिनीवर बसला. आपल्याला शिव्या बसाव्यात असे त्याला वाटत होते. चाचाने शिव्या दिल्या नाहीत, पण तो खोटेही बोलला नाही. तो म्हणाला, "मला वाईट वाटतंय, सदाशिव. ते आज जाणार नाही. पण ते राहू दे. मेंदीचं सांग."

"वाळूत आहे. आठ दिवस झाले. उकरताना चमच्याला काहीतरी लागलं होतं. ती मेली असेल."

"निळ्याला डब्यात घातलास?"

"नाही. पकडता आला नाही म्हणून सोडून दिला."

"म्हणजे वर निळा फिरतोय, आणि वरून चमचा येतोय. तू तिच्या जागी असतास तर बाहेर आला असतास?"

सदाशिवाने टाकीत फिरणाऱ्या निळ्याकडे पाहिले.

"आधी निळ्याला पकड," चाचा म्हणाला. "जाळ्याने नाही. बाटली काप, तिचं तोंड उलटं बसव, आत खाणं ठेव. तो आपल्या पायाने जाईल. मग रोज पाणी तपास. मेंदी मेली असेल तर पाण्यात विष वाढेल, ते तुला पाणी तपासायच्या औषधाच्या थेंबांनी कळेल. पाणी बिघडलं तर मला फोन कर, तेव्हा काय ते बघू. पाणी चांगलं आहे तोवर वाळूला हात लावायचा नाही."

"आणि बाकी मी काय करू?"

"खाणं टाक, आणि दूर बस."

निळा तासाभरात बाटलीत सापडला. भोकांच्या डब्यात तो दिवसभर रागाने डब्याच्या भिंतींना धडका देत राहिला.

सदाशिवाची भीती मात्र कमी झाली नाही. रोज सकाळी तो काचेच्या नळीत टाकीचे पाणी घेई आणि त्यात औषधाचे थेंब टाकी. पाणी पिवळे राहिले तर चांगले, हिरवे झाले तर घात. पाच मिनिटे थांबावे लागे. ती पाच मिनिटे त्याला दिवसाहून मोठी वाटत. पाणी पिवळे राही. मग तो कोळंबीचे दोन तुकडे टाकी आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसे. संध्याकाळी तुकडे तसेच असत. ते काढून टाकताना हात वाळूच्या जवळ जाई, आणि बोटांना उकरण्याची इतकी ओढ लागे की तो हात झटकन बाहेर घेई.

दहाव्या दिवशी त्याला पाणी हिरवट दिसले. त्याने कुंदाला हाक मारली. तिने नळी खिडकीपाशी नेऊन पाहिली आणि म्हणाली, "पिवळंच आहे. पडद्याचा रंग पडलाय." चमचा त्याने त्या दिवशी शेजारणीला देऊन टाकला.

अकरावा दिवस गेला. बारावाही गेला.

तेराव्या दिवशी सकाळी तो दुकानात निघाला होता. पायात चपला होत्या, हातात किल्ल्या होत्या. टाकीच्या डाव्या कोपऱ्यात वाळूचे दोनचार कण वर उडाले. मग एक टोकदार तोंड बाहेर आले. मग एक डोळा. डोळा इकडे फिरला, तिकडे फिरला. सदाशिवाने श्वास रोखला. किल्ल्या वाजतील म्हणून त्याने त्या मुठीत गच्च धरल्या. तोंड आत गेले.

सदाशिव तिथेच उभा राहिला. तिकडे दुकानाबाहेर माणसे ताटकळली असतील, हे त्याला कळत होते. तरी तो हलला नाही. काही वेळाने वाळू पुन्हा सरली आणि मेंदी सबंध बाहेर आली. बारीक झाली होती, रंग फिका पडला होता. ती दगडाच्या कडेने थोडी पोहली. प्रवाळावर अडकलेला कोळंबीचा एक तुकडा तिने टिपला.

सदाशिवाने हळूच खिशातून फोन काढला आणि चाचाला लावला.

"चाचा," तो कुजबुजला, "मेंदी बाहेर आलीय."

मग चाचाने विचारले, "खातेय?"

"एक तुकडा खाल्ला."

"अंगावर काही आहे?"

सदाशिवाने निरखून पाहिले. "उजव्या कुशीवर ओरखडा आहे. माझ्या चमच्याचा असणार. भरत आलाय."

"आता काय करतेय?"

"थांबलीय. माझ्याकडे बघतेय."

"मग दोन पावलं मागं हो," चाचा म्हणाला.

सदाशिव दोन पावले मागे सरला.

तात्पर्य: भ्यालेल्या जिवाला ओढून बाहेर काढू नये. तो ज्याला भितो ते आधी दूर करावे, त्यात आपलाच हात असेल तर तोही मागे घ्यावा, आणि मग वाट पाहावी.