भोक कुठं पाडायचं

"...आणि एवढं करून तरी फाटतो. का फाटतो, चाचा?"

हुसेनचाचा चहा पीत होते. बशीतून.

समोर उन्हात प्रीतम ढोणे. पांढरा शर्ट, पांढरी पँट, पांढरे बूट. गॉगल तेवढा काळा.

आमचं शिरळगाव पठाराच्या पायथ्याला. वर पवनचक्क्या. जिथं कंपनीवाले वारा शोधत आले, तिथं हा पठ्ठ्या फ्लेक्स लावतो.

"सगळ्यात जाड कापड घेतलं," प्रीतम म्हणाला. "काठ दुमडून मशीनवर चिकटवले. वीतवीतभर अंतरावर पितळी रिंगा मारल्या. नायलॉनची दोरी. लोखंडी सांगाडा. तीनदा लावला, तीनदा फाटला."

"हं."

"परवा तर अर्धा चेहरा पिठाच्या गिरणीवर जाऊन पडला."

"कुठला अर्धा?"

"वरचा."

"तरीच बोलायचं थांबलेलं नाही."

प्रीतमनं ते ऐकलं नाही असं दाखवलं. कारण गरज त्याला होती. रविवारी जिल्हाध्यक्ष येणार होते. पंचायत समितीचं तिकीट एक, मागणारे दोन. हा, नाहीतर गजू वाघचौरे. चौकात ज्याचा फ्लेक्स धड, त्याच्याकडंच साहेबांची नजर जाणार, असं दोघांनाही वाटत होतं.

आणि चाचांनी चाळीस वर्षं ट्रकच्या ताडपत्र्या शिवलेल्या. आता फ्लेक्स बांधतात. त्यांनी बांधलेलं खाली आलेलं कुणी बघितलेलं नाही.

चाचांनी बशी ठेवली. पंजा प्रीतमच्या तोंडासमोर धरला.

"फुंक."

"काय?"

"फुंक म्हणतो ना."

प्रीतमनं फुंकलं. चाचांनी बोटं फाकवली.

"आता फुंक."

फुंकलं.

"कळलं?"

"नाही."

"वारा तुझ्यावर रागावलेला नाही, बेटा. त्याला नुसतं पलीकडं जायचंय."

...

"मग मी काय करू?"

चाचांनी खिशातून कटर काढला.

"भोकं पाडायची. ताटलीएवढी. पूर्ण गोल नाही, अर्धाच गोल कापायचा. वरून चिकटलेलं राहू दे. वारा आला की उघडेल, गेला की मिटेल. सात-आठ बास."

"माझ्या फ्लेक्सला भोकं?"

"नाहीतर वारा पाडतोच आहे. तो माप घेत नाही."

अंगणात चौथा फ्लेक्स पसरला. वीस फूट बाय दहा. मधोमध प्रीतम, हात जोडून. खाली ठळक अक्षरात: 'वादळालाही तोंड देणारं नेतृत्व'.

चाचा गुडघ्यावर बसले. कटरचं टोक वरच्या रांगेवर ठेवलं. तिथं नेत्यांची गोल गोल तोंडं.

"इथं?"

"मेलो. ते साहेब आहेत."

"इथं?"

"साहेबांचे मेहुणे."

"हा?"

"तो दुसऱ्या पार्टीत गेला."

"मग कापतो."

"नको नको. दिवाळीनंतर परत येतोय."

चाचा सरकत खाली आले. खाली शुभेच्छुक. चौपन्न जण, पासपोर्ट साइज.

"हा कोण?"

"बाळू चिंचकर. त्याच्या घरात अकरा मतं आहेत."

"हा?"

"एकटाच आहे. पण दिवसभर पारावर असतो, गावभर सांगेल."

"आणि हे?"

"कुत्रं आहे, चाचा."

"ते दिसतंय. मत नसेल त्याला."

"सरपंचांचं आहे."

चाचांनी कुत्र्यावरचा कटर उचलला. सरपंचांचं म्हटल्यावर त्यांनीही मान दिला.

"अक्षरात पाडू?"

"कशी पाडणार? नेतृत्वातलं एक अक्षर गेलं तर लोक काय वाचतील?"

"आत्ता काय वाचतात?"



चाचा उठले. फ्लेक्सभोवती एक चक्कर मारली. मग फ्लेक्सच्या मधोमध जाऊन उभे राहिले. एक पाय प्रीतमच्या डाव्या गालावर, एक उजव्यावर.

"इथं जागा बरीच आहे."

...

"चाचा, तो मी आहे."

"तूच एकटा आहेस की जो नाही म्हणणार नाही."

"माझी आई रोज चौकातनं दळणाला जाते. काय वाटेल तिला?"

"तुझा चेहरा गिरणीवरनं उचलून तिनंच आणला ना परवा?"

प्रीतमनं गॉगल काढला. पुसला. परत घातला. परत काढला.

"पाडा," तो म्हणाला.

चाचांनी कटर त्याच्याच हातात दिला.

"मी ताडपत्री कापतो. माणसाचं तोंड ज्याचं त्यानं कापायचं."

पहिलं भोक कपाळावर पाडायला त्याला पाव तास लागला. मग दोन्ही गाल. मग हनुवटी. मग कान. शेवटचं उरलं ते ओठांच्या मधोमध आलं. तिथं त्यानं डोळे मिटून कापलं, त्यामुळं जरा वाकडं गेलं.

चाचांनी फ्लेक्स चौकात बांधला. गावातली पोरं दिवसभर खाली उभी राहून खिदळली. प्रीतम दोन दिवस घराबाहेर पडला नाही.

रविवारी सकाळपासून पठारावरनं असा वारा सुटला की रसवंतीवाल्याचं छप्पर उडालं. गजू वाघचौरेचा फ्लेक्स अकराच्या एसटीला गुंडाळला गेला आणि तिच्याबरोबर तालुक्याला गेला.

प्रीतमचा उभा.

वारा आला की कपाळ फडफडायचं, गाल उघडायचे, मिटायचे. आणि तोंड... तोंड सारखं चालू. उघड, मिट. उघड, मिट.

जिल्हाध्यक्षांची गाडी थांबली. काच खाली झाली. साहेब बराच वेळ वर बघत बसले.

प्रीतम शेजारी उभा.

"कोण हा?" साहेबांनी विचारलं.

"मीच आहे, साहेब."

"तोंड चालू आहे, पण आवाज काही येत नाही."

"ते... वारा जातो, साहेब..."

"असाच माणूस पाहिजे होता," साहेब म्हणाले. काच वर गेली.

संध्याकाळी तिकीट प्रीतमला.

सोमवारी तो चाचांच्या अंगणात आला. मागं टेम्पो. टेम्पोत एक गुंडाळी, गटाराच्या पाइपाएवढी.

"चाचा, चाळीस फुटी केलाय या वेळी. आणि आपण पण शिकलो तुमच्याकडनं. यात फोटोच टाकला नाही. साहेब नाहीत, शुभेच्छुक नाहीत, कुत्रं नाही, मी पण नाही. तोंडच नाही म्हटल्यावर भोक कुठं पाडणार?"

त्यानं गुंडाळी उलगडली. अंगण संपलं, फ्लेक्स रस्त्यावर गेला. भगव्यावर पांढरी अक्षरं, प्रत्येक अक्षर माणसाच्या उंचीचं.

प्रीतमदादा.

बाकी काही नाही.

चाचा पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत चालत गेले. शेवटी उभे राहिले. पठाराकडं बघितलं. वारा अजून पडला नव्हता.

"कसा वाटला?"

चाचांनी खिशातला कटर काढून त्याच्या हातात दिला.

"'दादा'त पाड," ते म्हणाले. "'प्रीतम'ला हात लावू नको."