देवळाची मागची भिंत

“याच्याही आत एखादं दालन असेल ना, गुरुजी? तुम्ही मला अजून न दाखवलेलं?”

पाहोर गाभाऱ्यात उभा होता. हातात दिवा, समोर दगडी कोनाड्यात देवाची वीतभर मूर्ती. म्हातारा मुख्य पुजारी सेनबी उंबऱ्याशी टेकला होता.

“नाही. पुढे भिंतच.”

“बस्स? एवढंच?”

“एवढंच.”

नाईलच्या काठचं ते देऊळ बांधणारे भारी हुशार. महाद्वार असं, की बघणाऱ्याची मान मोडावी. मग उन्हानं भाजणारं अंगण, मग खांबांचा मंडप. तिथून पुढे प्रत्येक दालनात जमीन थोडी चढते, छत थोडं उतरतं, उजेड कमी होतो. गाभाऱ्यात तर ठार अंधार. आणि दारागणिक माणसं गळतात. गावकऱ्यांना अंगणाच्या पुढे मज्जाव, साध्या पुजाऱ्यांना मंडपाच्या.

पाहोर मात्र एकेक दार ओलांडत थेट गाभाऱ्यापर्यंत पोचला होता. दोन वर्षं इथला दिवा त्याच्याकडे होता, आणि त्याचा त्याला ताठा होता. भेटायला आलेल्या आईला तो महाद्वारावरच निरोप धाडायचा, पूजेत आहे म्हणून. पुढे पुढे तर त्यानं बजावूनच ठेवलं, घरचं काही माझ्यापर्यंत आणू नका. देवाच्या जवळ जायचं होतं ना त्याला!

“गुरुजी...”

“बोल.”

“इथे कोणीच नाही हो.”

इतकं एकटं त्याला कधी वाटलं नव्हतं, आणि हे कबूल करायची लाजही वाटत होती.

सेनबी रागावला नाही.

“दिवा ठेव. चल.”

सगळी दालनं मागे टाकत दोघे महाद्वाराबाहेर आले आणि देवळाला वळसा घालून पाठीमागे गेले. तिथे भिंतीवर एक मोठा कान कोरलेला होता, हात लागून लागून गुळगुळीत झालेला. आत जाता येत नाही ती माणसं इथे येऊन देवाशी बोलत. आत्ताही एक शेतकरी कानाला तोंड लावून सांगत होता, “बैल उठत नाही रे. बघ ना जरा.” मग डोळे पुसून तो निघून गेला.

“बिचारा,” पाहोर म्हणाला. “देव कुठे आणि हा कुठे!”

“कुठे? देवळाची रचना तुला तोंडपाठ आहे ना? या भिंतीपलीकडे काय आहे?”

पाहोरनं मनातल्या मनात दालनं जुळवली. त्याचा चेहरा उतरला.

“गाभारा.”

“हं.”

“म्हणजे तो... मूर्तीच्या पाठीशीच उभा होता?”

सेनबीनं मान हलवली.

“तुझी आईही इथेच यायची. महाद्वारावरून परत फिरली की यायची. कपाळ टेकून पुष्कळ वेळ बोलायची.”

“आणि आता?”

“ती गेली, पोरा. गेल्या पुराच्या आधीच.”

पाहोर भिंतीशी खाली बसला.

“मला कुणी सांगितलं का नाही?”

“घरचं काही आणू नका, असं तूच म्हणाला होतास.”

पाहोर रडला. एवढ्या थोरल्या देवळात त्याचं म्हणावं असं कुणी उरलं नव्हतं, आणि देवळाबाहेर एकच माणूस होतं, तेही गेलं होतं.

बऱ्याच वेळानं त्यानं मान वर केली.

“गुरुजी, ती इथे बोलायची तेव्हा मी आतच होतो. या भिंतीच्या पलीकडे. मग... मग मला कसं ऐकू आलं नाही?”

सेनबीनं भिंतीवर हात ठेवला.

“कान बाहेरच्या अंगाला कोरलाय, पोरा. आतल्या अंगाला कोरायचं कुणाला सुचलंच नाही.”