सागवनातला पाठलाग

सागाच्या एका जंगलात एक तरुण चौशिंगा राहत असे. चौशिंगा म्हणजे चार छोट्या शिंगांचे हरीण. धावताना त्याला कोणी गाठू शकत नसे. पण त्याचे धावणे या झुडपापासून त्या झुडपापर्यंतच. उरलेला दिवस तो सावलीत रवंथ करत पडून राही. एका उन्हाळ्यात जंगलातले तळे आटले. आता पाणी होते ते फक्त सागवनापलीकडच्या नदीत, अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. सगळी जनावरे म्हाताऱ्या नीलगायीच्या मागून निघाली. तिची रीत ठरलेली होती. सागवनात कोणी धावायचे नाही, आणि प्रत्येक चढ संपला की सगळ्यांचा श्वास जागेवर येईपर्यंत थांबायचे.

चौशिंगा दोन दिवस पाणी प्यायला नव्हता. पहिल्याच चढावर तो म्हणाला, "मावशी, तुमच्या चालीनं गेलो तर नदीसुद्धा आटायची!"

"आटेना का. तू पायाखाली बघून चाल," नीलगाय म्हणाली.

झाडावरचे वानर खिदळले. "जाऊ द्या की त्याला! दहा उड्या मारील आणि जीभ बाहेर काढून बसेल."

हे चौशिंग्याला झोंबले. त्याने कान मागे टाकले आणि तो सुसाट निघाला.

मुलांनो, भर दुपारचे सागवन तुम्ही पाहिले आहे का? झाडांवर एक पान नव्हते. खाली पत्रावळीएवढी वाळलेली पाने पसरली होती. वारा नव्हता, पाखरू बोलत नव्हते. दुसरा चढ संपला आणि चौशिंग्याला आवाज ऐकू आला. धप्. धप्. धप्. कोणीतरी मागून येत होते. त्याने वळून पाहिले. एकही पान हलत नव्हते. तरीही आवाज येतच होता, अगदी जवळून.

तो आणखी जोरात पळाला. मागचे तेही जोरात पळू लागले. तो वारुळाला चिकटून लपला, तर आवाज वारुळातून आला. जमिनीला अंग टेकले, तर तो जमिनीखालून आला. पुन्हा उठून पळताना त्याच्या मांड्यांत आग पेटली. खूर जड झाले, जणू कोणी खालून धरून ठेवले होते. डोळ्यांपुढे झाडे काळी होत गेली. शेवटी त्याचे पुढचे गुडघे वाकले.

किती वेळ गेला कोण जाणे. नीलगाय तिच्या त्याच चालीने येऊन त्याच्यापाशी उभी राहिली.

"मावशी, पळा! ते आलंय. ऐकू येत नाही का तुम्हाला?"

नीलगायीने त्याच्या बरगड्यांना कान लावला. "येतं की. इथंच आहे ते."

"मग हाकला त्याला!"

"अरे वेड्या, ते गेलं तर तूही गेलास. तुझं काळीज आहे ते! पाय मागतील तेवढं रक्त ते पोचवतं. तू उधळलास, म्हणून तेही उधळलं. सकाळच्या गवताचं बळ तू पहिल्या चढावरच जाळून टाकलंस. आता पायांना द्यायला त्याच्यापाशी काही उरलेलं नाही."

"तुमचं का नाही वाजत असं?"

"पाडस होते तेव्हा वाजायचं. मग मी रोज थोडं जास्त चालत गेले, तसं तेही तयार झालं. ऊठ आता. आडवा पडू नकोस, हळूहळू पाय टाक."

चौशिंगा कसाबसा उठला आणि तिच्या पावलाला पाऊल जुळवून चालू लागला. धप्‌धप् कमी होत गेली. दर चढानंतर तो सगळ्यांबरोबर थांबला.

उतरणीवर नदी दिसली, आणि तिथेच पानांत काहीतरी पांढरे दिसले. तीन चौशिंग्यांचे सांगाडे होते ते. तिघांचीही तोंडे पाण्याकडे होती. हाडांवर कुठेही दाताची किंवा नखाची खूण नव्हती.

"यांना कोणी मारलं, मावशी?"

"कोणीच नाही," नीलगाय म्हणाली आणि पुढे गेली.

चौशिंगा तिथे जरासा थांबला. त्याने कान टवकारून ऐकले. त्या तिघांपाशी कसलाच आवाज नव्हता. आवाज होता तो फक्त त्याच्या छातीत, संथ आणि सावकाश. त्याला सांभाळत तो पाण्याकडे उतरला.

तात्पर्य : दम एका दिवसात येत नाही, तो रोज थोडाथोडा कमवावा लागतो, आणि काळीज धडधडू लागले की त्याच्यापासून पळू नये, त्याचे ऐकावे.